रत्नागिरी : यायला अवघड, सोडायला सोपं

ब्रिटिश सरकारला रत्नागिरीतली एक गोष्ट मनापासून आवडत होती, ती म्हणजे तिथे पोचणं कठीण होतं. १८८५ च्या नोव्हेंबरात मंडाले घेऊन ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत केलं, तेव्हा त्याला ठेवायचं कुठे हा प्रश्न आला. आधी त्याला मद्रासला आणलं. पण मद्रास म्हणजे गजबजलेलं बंदर, रंगूनशी त्याचा नेहमीचा राबता. १८८६ च्या एप्रिलमध्ये राजा, राणी, मुली आणि नोकरचाकर असा सगळा लवाजमा बोटीनं रत्नागिरीला उतरवण्यात आला. मागे सह्याद्रीची भिंत, पुढे समुद्र, आणि पावसाळा लागला की तो समुद्रही बंद. पस्तीस वर्षांनी, १९२१ मध्ये, अंदमानातून परत आणलेल्या विनायक दामोदर सावरकरांना ठेवायला सरकारनं पुन्हा रत्नागिरीच निवडली.

राजाला इथून सुटता आलं नाही. गावकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या सुटत राहिले. मुंबईच्या गिरण्या, गोद्या, पलटणी, शाळा, कचेऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांनी भरल्या आणि गावात मनीऑर्डरी येत राहिल्या. या शहराचा इतिहास सांगायचा तर राजे आणि किल्ले यांच्यापेक्षा त्याच्या वाटांचा सांगावा. शाळा आणि खेळसुद्धा त्याच वाटांवर सापडतात.

मुळात रत्नागिरी हे काही कोकणातलं जुनं मोठं बंदर नव्हे. जुना व्यापार चाले तो खाड्यांच्या पोटात. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरे आणि भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथे गलबतात चढे. म्हणून चिपळूण, संगमेश्वर, राजापूर ही गावं वाढली. ती समुद्रकाठी नाहीत, समुद्रापासून आत, खाडीच्या टोकाला आहेत. राजापुरात तर सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती आणि शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये तिचा समाचार घेतला. रत्नागिरी मात्र थेट समुद्राच्या तोंडावर. उत्तरेला मिऱ्या, दक्षिणेला मांडवी आणि भाट्याची खाडी, मधे समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक. त्या नाकावर रत्नदुर्ग. तीन बाजूंनी पाणी, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, समोरच्या टेकाडावर दीपगृह. पाळत ठेवायला यापेक्षा चांगली जागा नाही. शिवाजी महाराजांनी तो १६७० च्या सुमारास आदिलशाहीकडून घेतला, पुढे तो आंग्र्यांकडे आणि मग पेशव्यांकडे गेला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे.

शहर वाढलं ते त्यानंतर, तेही कचेरीमुळे. दक्षिण कोकणचा कारभार सुरुवातीला बाणकोटहून चाले. बाणकोट जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला. १८२२ मध्ये मुख्य ठाणं रत्नागिरीला आणलं, कारण ते साधारण मध्यावर होतं. कलेक्टर आला, मागोमाग न्यायाधीश, तुरुंग, दवाखाना, शाळा आली, आणि त्यांच्याबरोबर कारकून, वकील, मास्तर आले. अमेरिकेत शिकागोसारखं शहर रेल्वेनं उभं केलं. रत्नागिरी उभी राहिली फायलींवर. तिचा स्वभावही तसाच राहिला आहे असं मला वाटतं. बाजारपेठेची धांदल तिला कधी फारशी मानवली नाही. अर्ज लिहिणं, मुद्दा काढणं, वाद घालणं तिला अधिक जमतं.

थिबा राजाची तीस वर्षं या कचेरीच्या शहरात गेली. आधी भाड्याच्या बंगल्यात, मग १९१० मध्ये बांधून झालेल्या राजवाड्यात. वाडा पाहायला गेलात तर नुसता बाहेरून फोटो काढून परतू नका. जांभा आणि विटा कोकणातल्या, घडण साहेबी, आणि खिडक्यांवरचं कोरीव लाकूडकाम ब्रह्मी थाटाचं. वरच्या मजल्यावरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. राजाला राहायला दिलेली जागा देखणी होती, एवढं सरकारच्या पदरात टाकायला हरकत नाही. पण तनखा सरकारी, पत्रं सरकारी नजरेखालून जाणारी आणि बाहेर पडायचं तर परवानगी हवी. मंडालेहून आणलेली माणकं एकेक करून विकली गेली. १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला, तो नव्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं राहून. राणी सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशी परतू शकली, राजाचं शरीर मात्र रत्नागिरीतच राहिलं. थोरल्या राजकन्येनं वाड्यावरच्या एका स्थानिक माणसाशी संसार मांडला आणि १९४७ मध्ये तिचा शेवटही रत्नागिरीतच झाला. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन खास वाकडी वाट करून थिबाच्या समाधीला येऊन गेले. आज वाड्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे.

सावरकरांची गोष्ट वेगळी झाली. १९२४ च्या जानेवारीत त्यांची सुटका झाली ती दोन अटींवर : जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही. ही स्थानबद्धता वाढत वाढत १९३७ पर्यंत चालली. राजकारण बंद म्हटल्यावर त्यांनी मोर्चा वळवला समाजाकडे. शाळांत अस्पृश्य मुलांना वेगळं बसवू नये म्हणून खटपट, सहभोजनं, देवळात प्रवेश. मार्च १९२७ मध्ये गांधीजी रत्नागिरीत आले तेव्हा सावरकरांना घरी जाऊन भेटले. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दल ज्याला जे मत बाळगायचं ते बाळगावं. रत्नागिरीतल्या या तेरा वर्षांचा हिशेब निराळा मांडावा लागतो. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सर्व जातींसाठी खुलं असं पतितपावन मंदिर उभं राहिलं. त्याला पैसा कुणाचा? भागोजीशेठ कीर यांचा. रत्नागिरीच्या भंडारी समाजातला हा मुलगा लहानपणी मुंबईला गेला आणि तिथे ठेकेदारीत मोठा झाला. दादरची शिवाजी पार्कजवळची स्मशानभूमीही त्यांच्याच दानातली. म्हणजे ज्या माणसाला रत्नागिरी सोडायची मनाई होती त्याचं देऊळ, ज्यानं रत्नागिरी सोडून नशीब काढलं त्याच्या पैशानं उभं राहिलं.

आता भागोजी कीर आणि त्यांच्यासारखी लाखभर माणसं गेली कशी, ते पाहू.

घाटातून जायचं तर आंबा घाट चढून कोल्हापूर, कुंभार्ली घाटानं कऱ्हाड. मुंबईला जायचं तर समुद्र. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्यावर आगबोटी सुरू झाल्या. आधी शेफर्ड कंपनीच्या आणि मग बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या बोटींनी शंभर वर्षांच्या आसपास कोकण वाहून नेलं. पण बोटीचा प्रवास म्हणजे धक्क्यावरून आत पाऊल टाकलं असं नव्हे. पाणी उथळ, म्हणून आगबोट किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही. भोंगा झाला की किनाऱ्यावर धावपळ. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या करंड्या, फणस, कोंबड्या आणि रडणारी पोरं घेऊन माणसं पडावात बसत. पडाव वल्हवत बोटीच्या कुशीला नेला जाई. तिथे लाटेनं पडाव वर आला की नेमक्या त्या क्षणी बोटीच्या शिडीला हात घालायचा, पडाव खाली जाण्याआधी पाय उचलायचा. खलाशी बायका-मुलांना अक्षरशः ओढून घेत. सरावलेला माणूस हे सहज करी. पहिल्यांदा निघालेल्या सुनेचं काय होत असेल याची कल्पना आजीपणजीच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना आहे.

जून आला की हे सगळं बंद. बोटी थेट पावसाळा ओसरल्यावर सुरू होत. मधल्या काळात मुंबईत मरण झालं तर गावी बातमी, माणूस नाही. पाऊस लागला असताना बोट काढली तर काय होतं हे १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीनं दाखवलं. मुंबईच्या तोंडाशीच ती उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. ती रत्नागिरीची बोट नव्हती, पण कोकणातल्या प्रत्येक घरानं ती आपली मानली. स्वातंत्र्यानंतरही चौगुले कंपनीच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी मुंबई ते पणजी धावल्या. मग एसटीनं आणि मुंबई-गोवा रस्त्यानं प्रवासी हळूहळू ओढून घेतले आणि किनाऱ्यावरची बोट बंद पडली. माझ्या मते ही कोकणानं सर्वांत स्वस्तात घालवलेली गोष्ट. नवे धक्के बांधून, खाड्यांतला गाळ काढून जलवाहतूक चालू ठेवता आली असती. आता मुंबईहून जयगडपर्यंत रो-रो बोटी सोडण्याच्या घोषणा होतात तेव्हा जुन्या माणसांना हसू येतं ते उगीच नाही.

एसटीच्या रातराणीबद्दल लिहायला बसलो तर लेख तिथेच संपेल. वडखळ, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी, खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा. ही नावं कोकणी माणसाला झोपेत कळतात : गाडी कुठल्या वळणावर आहे ते पोटातल्या ढवळण्यावरून ओळखता येतं. त्या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ च्या सुमारास सुरू झालं आणि दर गणपतीत ‘यंदा पूर्ण होणार’ असं ऐकू येतं. कशेडीचा बोगदा झाला, त्यानं वेळ वाचतो, हे मान्य. बाकीचा रस्ता वाचकांनी स्वतःच अनुभवावा. दुसरीकडे मिऱ्या बंदरापासून निघून आंबा घाटानं कोल्हापूर, सोलापूर करत नागपूरकडे जाणारा महामार्ग रुंद होतो आहे. जिल्ह्याच्या भविष्याच्या दृष्टीनं मला हा रस्ता मुंबईच्या रस्त्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण रत्नागिरीची वाट पहिल्यांदाच मुंबई सोडून दुसरीकडे वळते आहे. विमानतळ मिरजोळ्याला आहे, पण त्याचा वापर आजवर मुख्यतः तटरक्षक दलानं केला.

आणि रेल्वे. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी आगगाडी १८५३ मध्ये धावली. मुंबईपासून तीन-साडेतीनशे किलोमीटरवरच्या रत्नागिरीला गाडी यायला त्यानंतर जवळजवळ दीड शतक लागलं. कारण उघड होतं. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पन्नास-साठ किलोमीटरांत समुद्राला मिळतात. किनाऱ्याला समांतर रूळ टाकायचा म्हणजे प्रत्येक नदी ओलांडायची आणि दोन नद्यांमधला प्रत्येक डोंगर फोडायचा. वर पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. अ. ब. वालावलकरांसारख्यांनी यासाठी आयुष्य वेचलं, नाथ पै आणि मधु दंडवते यांनी लोकसभेत विषय लावून धरला. १९८९ च्या अखेरीस दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, तेव्हा कुठे योग आला. १९९० च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. भांडवलात निम्म्याहून थोडा जास्त वाटा केंद्राचा, बाकीचा महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांचा, आणि बराचसा पैसा लोकांकडून रोख्यांतून. प्रमुख ई. श्रीधरन. रोह्यापासून मंगळूरपर्यंतच्या सुमारे साडेसातशे किलोमीटरचे त्यांनी सात तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र मुख्य अभियंता दिला. त्यांतले दोन तुकडे रत्नागिरीचे. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून जमीन घ्यायची होती. जिथे सात-बाऱ्यावर पंधरा नावं आणि त्यांतली दहा मुंबईत, तिथे हे काम बोगद्याइतकंच अवघड.

बोगदे नव्वदच्या वर, मोठे पूल १७९, लहान पूल अठराशेहून जास्त. त्यांतले दोन नमुने रत्नागिरीच्या अगदी जवळ आहेत. एक करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा; काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा होईपर्यंत तो भारतातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. दुसरा रत्नागिरी आणि निवसर या स्थानकांच्या मधला पानवल नदीवरचा पूल. नदी लहानशी, पावसाळा सोडला तर फारशी दिसतही नाही. दरी मात्र खोल. पुलाची उंची ६४ मीटर, लांबी ४२४ मीटर. एवढ्या उंचीवर खालून परांची उभारणं परवडण्याजोगं नव्हतं. तेव्हा अभियंत्यांनी पुलाचा वरचा भाग दरीच्या एका काठावर तुकड्यातुकड्यानं ओतला आणि प्रत्येक नवा तुकडा जोडला की सगळी लांबी हायड्रॉलिक जॅकनं पुढे ढकलली. पुढचं टोक हवेत तरंगत पुढच्या खांबावर जाऊन टेकायचं, मग पुढचा तुकडा. टोकाला पोलादी नाक लावलेलं, म्हणजे खांब गाठेपर्यंत वजन कमी पडावं आणि टोक खाली झुकू नये. ओतायचं, घट्ट होऊ द्यायचं, ढकलायचं असं करत पूर्ण पूल दरीच्या पलीकडे गेला. गाडीतून जाताना हे काहीच कळत नाही, खिडकीतून एकदम झाडांचे शेंडे खाली गेलेले दिसतात इतकंच.

२६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. पण पावसानं हिशेब सोडला नव्हता. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ च्या जूनमध्ये महाडच्या बाजूला आंबवलीच्या पुलाशी दरड आणि दगडांमुळे गाड्या घसरल्या, माणसं गेली. तेव्हापासून पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक, कमी वेग, कापलेल्या डोंगरांवर लोखंडी जाळ्या आणि गस्त. पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बसवलेलं आहे, वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गाडी थांबवतात. रात्री मुसळधार पावसात कंदील आणि इशाऱ्याचे फटाके घेऊन रुळावरून चालणारा गस्तवाला हा या रेल्वेचा खरा कणा. मुंबईत ‘गाडी लेट’ म्हणून बोटं मोडणाऱ्यांनी त्याचा एकदा विचार करावा. मार्ग अजून बहुतेक एकेरी आहे, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबणं आलंच. विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरं झालं. वंदे भारत आली, तीही रत्नागिरीला थांबते. पण दूरच्या पल्ल्याच्या अनेक गाड्या जिल्ह्यातल्या बहुतेक स्थानकांवरून शिट्टी मारत निघून जातात आणि गणपतीची तिकिटं खिडकी उघडताच संपतात. शहरापासून सहा-सात किलोमीटर दूर असलेल्या स्थानकावर उतरून रिक्षाचं भाडं ठरवताना ‘जमीन आमची, गाडी दुसऱ्यांची’ हे वाक्य कानावर पडतं. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. फार नाही.

वाट नसताना शिक्षणाची ओढ मात्र या भागात विलक्षण होती, किंबहुना वाट नव्हती म्हणूनच होती. जमीन थोडी, डोंगराळ, वाटण्या होऊन तुकडे झालेली. भात चार महिने पुरलं तर पुष्कळ. पोराला अक्षर आलं तर तो बाहेर पोटाला लागेल, हा साधा हिशेब. शहरात १८२८ सालचं नगर वाचनालय आहे; महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. सरकारी इंग्रजी शाळा १८४५ ची. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ मध्ये रत्नागिरीतच, टिळक आळीत. वडील गंगाधरपंत शाळामास्तर. त्यांना बढती मिळाली, बदली झाली आणि १८६६ मध्ये बिऱ्हाड पुण्याला हललं. दहा वर्षांचा टिळक त्याच वाटेनं गेला ज्या वाटेनं पुढे हजारो मुलं गेली. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ मध्ये परीक्षेला बसण्यासाठी घाट चढून पायी साताऱ्याला पोचले आणि परीक्षकांनी ‘वयानं लहान दिसतोस’ म्हणून परत पाठवलं. शंभर मैलांहून जास्त चालून आलेल्या मुलाला हे ऐकावं लागलं. डॉ. पां. वा. काणे यांनी काही वर्षं रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिकवलं, नंतर मुंबई. कर्वे, काणे आणि मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, अशी या एका जिल्ह्याशी नातं सांगणारी तीन भारतरत्नं. तिघांचंही मोठं काम जिल्ह्याबाहेर झालं.

कॉलेज यायला १९४५ साल उजाडलं. आजचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय ते हेच. तोवर मॅट्रिक झालेला मुलगा बोटीत बसायचा किंवा कोल्हापूर, सांगली गाठायचा. आज शहरात अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन, मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र, शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय, २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. मत्स्य महाविद्यालयाचं मला विशेष वाटतं, कारण इथे शिकायला जे आहे ते खिडकीबाहेरच आहे. मिरकरवाड्याच्या बंदरात उतरणारी मासळी आणि शिरगावातली प्रयोगशाळा यांच्यात काही किलोमीटरांचं अंतर. शहरातल्या मत्स्यालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, मुलांना घेऊन जावं असा.

कोकणासाठी दहावी-बारावीचं स्वतंत्र विभागीय मंडळ रत्नागिरीत झालं आणि २०१२ च्या परीक्षेपासून त्याचा निकाल राज्यात पहिला येत राहिला. दर वर्षी वर्तमानपत्रांत ‘कोकणची बाजी’ हा मथळा ठरलेला. त्याच बातमीत खाली एक आकडा असतो, तो फारसा कुणी वाचत नाही : परीक्षेला बसलेली मुलं नऊ विभागांत सर्वांत कमी.

खेळांचंही असंच. क्रिकेटच्या इतिहासात भारताचा पहिला मोठा गोलंदाज म्हणून ज्याचं नाव घ्यावं लागतं तो पालवणकर बाळू. आडनाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवण गावावरून. चांभार समाजातलं हे कुटुंब लष्करी नोकरीच्या निमित्तानं बाहेर पडलं, बाळूचा जन्मच धारवाडचा. पुण्यात साहेबांच्या क्लबात तो खेळपट्टी झाडायचा, जाळी लावायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कप्तानपद त्याला जातीमुळे कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळालं. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला आणि हरला. दोघांचीही मुळं एकाच जिल्ह्यात आणि दोघांच्याही घरांना गावाबाहेर काढणारी वाट पलटणीची, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

गावात मात्र क्रिकेटला जागाच नव्हती. सडा म्हणजे जांभ्याचा खडक, सपाट जमीन म्हणजे भाताचं खाचर. कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, खो-खोचं २७ बाय १६. भात कापून झालं की एका कोपऱ्यात एवढी जागा मिळते, फक्त ढेकळं फोडायची आणि शेणानं सारवायची. म्हणून कोकणात हे दोन खेळ रुजले. क्रिकेट आलं ते अंडरआर्म होऊन, लहान अंगणात बसेल असं. पावसाचे चार महिने कॅरम. मे महिन्यात चाकरमानी आले की प्रकाशझोतातल्या स्पर्धा, वाडीविरुद्ध वाडी. मुंबईतही गावकऱ्यांची मंडळं स्वतःच्या गावाच्या नावानं संघ उतरवतात. गावात अकरा पोरं जमत नाहीत, परळच्या मैदानात त्याच गावाचे दोन संघ होतात. चांगला खेळाडू निघाला तर पोलीस, बँक, रेल्वे यांपैकी कुणीतरी उचलतं, आता प्रो कबड्डीही उचलते. चिपळूणच्या बाजूचा शुभम शिंदे त्या वाटेनं कप्तानपदापर्यंत पोचला. शहरात शिवाजी स्टेडियम आहे. पण खेळाडूला नोकरी देणारं शहर रत्नागिरी अजून झालेलं नाही.

आता एक आकडा. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली, म्हणजे ऐंशी हजारांहून अधिक घटली. हे रेल्वे आल्यानंतरचं दशक. त्याच मोजणीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. महाराष्ट्रात सर्वांत जास्त. मुली जपल्या जातात असं म्हणून पाठ थोपटून घेण्याआधी पुरुष कुठे गेले ते विचारावं. दीडशे वर्षं ज्या रेल्वेची वाट पाहिली ती आली आणि तिनं माणसं आणली त्यापेक्षा जास्त नेली. रेल्वेचा यात दोष नाही. रूळ दोन्ही दिशांना सारखेच असतात. काम एकाच टोकाला होतं.

पुढची जनगणना २०२७ मध्ये ठरली आहे. मिऱ्या-नागपूर रस्ता, वैद्यकीय महाविद्यालय, बंदरं आणि बागायती यांनी माणसं धरून ठेवली की नाही, ते तेव्हा कळेल. तोवर रत्नागिरी जिल्ह्याच्या दहावी-बारावीच्या निकालाची बातमी आली की या वेळी टक्केवारीऐवजी परीक्षेला बसलेल्या मुलांचा आकडा आधी वाचा.